रासायनिक संवेदनशीलता असताना गादी कशी निवडावी? खानदेशातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अत्तर, ताजा रंग, फिनाईल, उदबत्ती किंवा नवे प्लास्टिक यांच्या थोड्याशा वासानेही ज्यांचे डोके चढते, घसा आवळतो, छाती भरून येते किंवा दिवसभर काही सुचेनासे होते, त्यांच्या घरात गादीची खरेदी साधी राहत नाही. माणूस दिवसाचे सात-आठ तास गादीला नाक लावून असतो, आणि बंद खोलीत ती अंगाच्या उबेने तापतही असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील हवा, बाजार आणि घरांची रीत लक्षात घेऊन पुढील उत्तरे लिहिली आहेत. पुणे-मुंबईचा किंवा परदेशातला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

हा त्रास खरा असतो, की मनाचा खेळ असतो?

त्रास खरा असतो. वाद आहे तो त्याच्या कारणाबद्दल. अमेरिकेतील थेरॉन रँडॉल्फ या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात अशा रुग्णांविषयी लिहायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये मार्क कलेन यांनी ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ या नावाने त्याची व्याख्या मांडली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही आणि त्याचे निदान करणारी खात्रीची तपासणी उपलब्ध नाही. समोर रसायन आहे की नाही हे रुग्णाला न सांगता ज्या चाचण्या झाल्या, त्यांतील अनेकांमध्ये रसायन असताना आणि नसताना होणाऱ्या त्रासात फरक दिसला नाही. म्हणजे रुग्ण खोटे बोलतो असे नव्हे. आधीच्या अनुभवाने सावध झालेली मज्जासंस्थाही खरी डोकेदुखी आणि खरी धडधड निर्माण करू शकते. मात्र यातून गादी निवडणाऱ्याने एक गोष्ट शिकावी : नुसत्या वासावर किंवा नुसत्या भीतीवर निर्णय न घेता, शांतपणे आणि शक्य तेथे डोळ्यांआड चाचणी करून निर्णय घ्यावा. ती कशी करावी, हे पुढे येईल.

आधी डॉक्टरांना दाखवावे की आधी गादी बदलावी?

आधी डॉक्टरांना दाखवावे. रात्री खोकला येणे, सकाळी लागोपाठ शिंका येणे, अंगावर गांधी उठणे या गोष्टींमागे दमा, धूळकिड्यांची ॲलर्जी, बुरशी किंवा संपर्कामुळे होणारा त्वचादाह असू शकतो, आणि या सर्वांना तपासण्याही आहेत आणि उपचारही आहेत. धूळकिड्यांची ॲलर्जी असलेला माणूस ‘मला फोम सोसत नाही’ असे समजून जुनी कापसाची गादी काढून झोपू लागला, तर त्याचा त्रास वाढण्याची शक्यता अधिक. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. रबराचे हातमोजे किंवा फुगे यांनी पूर्वी अंगाला खाज सुटली असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकापासून बनवलेल्या, गादीचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

श्वास घेताना शिटी वाजत असेल, ओठ किंवा जीभ सुजत असेल, तर ती रात्र गादीचा विचार करण्याची नव्हे, दवाखान्यात जाण्याची आहे.

नव्या गादीला वास नेमका कशाचा येतो?

बाजारातील बहुतेक गाद्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम असतो. पॉलिऑल आणि डायआयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र आले की फोम फुगतो आणि घट्ट होतो. तयार फोममध्ये आयसोसायनेट जवळजवळ पूर्ण वापरले गेलेले असते. पण ही क्रिया घडवून आणण्यासाठी घातलेली अमाइन वर्गातील द्रव्ये आणि उरलेले लहान रेणू नंतर हळूहळू हवेत सुटत राहतात. मेमरी फोम हाही पॉलियुरेथेनच असतो, आणि नवेपणी त्याचा वास बहुधा साध्या फोमपेक्षा अधिक जाणवतो.

दुसरा उगम म्हणजे थर चिकटवणारा गोंद. द्रावकयुक्त गोंद असेल तर वास पहिल्याच दिवशी डोळ्यांत चुरचुरतो. तिसरा उगम वरच्या कापडावर असतो : सुरकुती न पडण्याची प्रक्रिया, जंतुरोधक लेप, आणि अलीकडे फार दिसणारा लॅव्हेंडर किंवा कोरफडीचा ‘ताजेपणा’. संवेदनशील माणसाने या शेवटच्या प्रकाराच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, कारण तेथे वास हा चुकून राहिलेला अवशेष नसून टिकावा म्हणूनच घातलेला असतो.

गुंडाळून, हवा काढून, खोक्यात भरून घरपोच येणाऱ्या गाद्यांचा वास अधिक उग्र वाटतो, कारण कारखान्यातून निघाल्यापासून त्या प्लास्टिकमध्ये बंद असतात आणि साठलेले सारे काही घरात उघडताच बाहेर येते.

दुकानदार म्हणतात, ‘दोन दिवसांत वास जाईल.’ हे खरे मानावे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण अपुरे आहे. बाहेर पडणाऱ्या वाफा पहिल्या काही दिवसांत झपाट्याने कमी होतात आणि नंतर कित्येक आठवडे अगदी सावकाश उतरत जातात. सर्वसाधारण नाकाला दोन दिवसांनी काही जाणवत नाही, संवेदनशील माणसाला महिन्यानंतरही जाणवू शकते. शिवाय ‘वास नाही’ आणि ‘काही सुटत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : घोंगडीला लोकरीच्या तेलकटपणाचा आणि नैसर्गिक लेटेक्सला रबराचा वास येतो, आणि तो आला म्हणजे विषारीच आहे असे नाही.

मग आपल्याकडची कापसाची गादीच सर्वांत चांगली का?

खानदेशात राहणाऱ्या बहुतेक संवेदनशील माणसांनी सुरुवात कापसाच्या गादीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कापूस निर्मळच असतो म्हणून नव्हे. ही एकच गादी अशी आहे की जिचा प्रत्येक थर आपण स्वतः पाहून, हातात घेऊन, नाकाशी धरून निवडू शकतो, आणि त्रास झालाच तर टाके उसवून कारण शोधू शकतो. फोमच्या गादीच्या पोटात काय आहे, हे अनेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गावोगावी आहेत आणि सरकी काढलेली रुई हंगामात सहज मिळते. पण ‘कापूस’ या नावाखाली बाजारात काय काय मिळते, ते आधी समजून घ्यावे. स्वच्छ नवी रुई हा पहिला प्रकार. सूतगिरणीतून निघालेला वाया कापूस हा दुसरा, त्यात यंत्राचे तेल आणि कचरा असू शकतो. तिसरा प्रकार म्हणजे होजिअरीच्या आणि शिंप्याकडच्या चिंध्या फाडून केलेला रंगीत ‘कापूस’. त्यात रंग, प्रक्रिया केलेले कापड आणि पॉलिएस्टर सारे मिसळलेले असते. स्वस्तातल्या तयार गाद्यांत हा तिसरा प्रकार भरपूर असतो आणि टाक्यांच्या आतून निळे-गुलाबी धागे दिसले की तो ओळखू येतो. ज्यांना वासाचा त्रास आहे त्यांनी तो घेऊ नये.

फवारणीचा प्रश्न रास्त आहे. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी वाणांना परवानगी मिळाली तरी रसशोषक किडी आणि गुलाबी बोंडअळी यांसाठी फवारण्या होतच राहिल्या. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अमेरिकेत यंत्राने वेचणी करण्यापूर्वी झाडांची पाने गाळण्यासाठी रसायने फवारतात, आपल्याकडे वेचणी हाताने होते, त्यामुळे तो टप्पा बहुतेक ठिकाणी नसतो. शक्य असल्यास ओळखीच्या शेतकऱ्याकडून, शेवटची फवारणी होऊन बरेच दिवस गेल्यानंतर वेचलेला कापूस घ्यावा आणि गावातील जिनिंगवर सरकी काढून घ्यावा. फरदडीचा आणि कवडीचा कापूस टाळावा, कारण त्यात किडीने डागाळलेली बोंडे आणि पालापाचोळ्याचा चुरा अधिक असतो. प्रमाणित सेंद्रिय रुई मिळाली तर उत्तमच, पण तीवाचून अडून बसू नये.

पिंजाऱ्याकडून गादी भरून घेताना काय सांगावे?

पहिली गोष्ट म्हणजे जागा. पिंजताना उडणारी कापसाची धूळ निरोगी माणसालाही त्रास देते. जिनिंग आणि सूतगिरण्यांतील कामगारांना कापसाच्या धुळीमुळे फुप्फुसाचा विकार होतो, हे वैद्यकशास्त्राने पूर्वीच ओळखले आहे. म्हणून ज्यांना त्रास आहे त्यांनी पिंजणीच्या वेळी तेथे थांबू नये, आणि घराच्या ओट्यावर पिंजण मांडू देऊ नये. घरातील दुसऱ्या कोणी तरी समोर उभे राहून काम करून घ्यावे. समोर उभे राहणे महत्त्वाचे आहे, कारण आपण दिलेली रुई आणि भरलेली रुई एकच आहे याची खात्री त्याशिवाय होत नाही.

दुसरी गोष्ट, आपला कापूस यंत्रात घालण्यापूर्वी यंत्र झाडून घ्यायला सांगावे. आधीच्या गिऱ्हाईकाची जुनी, घामट किंवा डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली गादी त्याच यंत्रातून गेलेली असते आणि तिची धूळ आपल्या रुईत मिसळते. पिंजारीदादांना कारण नीट समजावून सांगितले, ‘घरात आजारी माणूस आहे’ एवढे जरी म्हटले, तरी ते मनापासून काळजी घेतात. त्या कामाचे चार पैसे जास्त द्यावेत.

तीन बाय सहा फुटांच्या गादीला साधारण ८ ते १० किलो रुई लागते. फार जाड गादी भरून घेण्याऐवजी दोन पातळ गाद्या भरून एकावर एक घालाव्यात. पातळ गादी एकट्या माणसाला उचलता येते, उन्हात लवकर तापते, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजताना एक गादी वापरात राहते.

सावरीच्या कापसाबद्दलही विचारले जाते. सातपुड्याच्या पायथ्याला काटेसावर भरपूर आहे. तिचा कापूस हलका आणि मऊ असतो, उशीला चांगला, पण त्याचे तंतू आखूड आणि ठिसूळ असल्याने गादीत तो लवकर दबतो आणि भुसा होऊन खोळीतून बाहेर येतो. नाक हळवे असेल तर उशीतही घट्ट विणीच्या खोळीतच वापरावा.

खोळीसाठी कापड कोणते घ्यावे?

घट्ट विणीचे, न रंगवलेले, छपाई नसलेले सुती कापड घ्यावे. जाड मांजरपाट उत्तम. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, तिचा आंबूस वास काहींना सोसत नाही आणि दमट दिवसांत तिच्यावर बुरशीही धरते. म्हणून शिवण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, धुण्याच्या सोड्याने गरम पाण्यात दोन-तीनदा धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. कापड आटते, त्यामुळे माप धुतल्यानंतरच घ्यावे. ‘इस्त्रीची गरज नाही’ असे लिहिलेली चादर घेऊ नये, कारण तो गुण बहुधा फॉर्माल्डिहाइड असलेल्या राळेने आणलेला असतो. त्यापेक्षा घरात वर्षानुवर्षे धुतलेल्या जुन्या सुती साड्यांची गोधडी गादीवर अंथरावी. इतके धुणे सोसलेल्या कापडात सुटण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

काथ्याची गादी ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात. ती घ्यावी का?

काथ्या नैसर्गिक आहे, गादी संपूर्ण नैसर्गिक नाही. नारळाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून, गंधक आणि इतर द्रव्यांच्या मदतीने उष्णतेत पक्का करून त्याचे तक्ते बनतात. मग ते तक्ते गोंदाने जोडले जातात आणि वर बहुतेक वेळा फोमचा एक थर येतो. लेटेक्सची ॲलर्जी नसेल आणि फोम-गोंदाविना नुसता तक्ता मिळत असेल, तर तो सुती खोळीत घालून वर पातळ कापसाची गादी टाकणे हा पाठ दुखणाऱ्यांसाठी चांगला मार्ग आहे.

लेटेक्सची गादी कोणासाठी योग्य?

ज्यांना रबराची ॲलर्जी नाही, किंमत परवडते आणि धूळकिड्यांचा त्रास आहे, अशांसाठी. ‘नॅचरल’ शब्दावर थांबू नये. नैसर्गिक चीक किती आणि खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम लेटेक्स किती, हे लेखी विचारावे. रबर पक्के करताना वापरलेल्या वेगवर्धक द्रव्यांमुळे काहींना त्वचादाह होतो, तो चिकातील प्रथिनांच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा प्रकार आहे. आणि खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : लेटेक्स कधीही उन्हात टाकू नये. अतिनील किरणांनी आणि उष्णतेने ते चिवटपणा गमावते आणि त्याचा भुगा होऊ लागतो.

पाठीच्या दुखण्यामुळे फोमच लागणार असेल तर?

तर एकाच घनतेचा, एकाच थराचा, गोंद न वापरलेला साधा फोम घ्यावा, आणि मेमरी फोम टाळावा. ‘रिबॉन्डेड’ फोमपासून दूर राहावे. तो निरनिराळ्या फोमचे तुकडे रासायनिक बंधकाने दाबून केलेला असतो, आणि ते तुकडे कोठून आले हे सांगता येत नाही. फोममध्ये पूर्वी वापरली जाणारी काही ब्रोमिनयुक्त ज्वालारोधके २००९ मध्ये घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत आली, पण जुन्या फोमचे तुकडे पुन्हा वापरात आले की त्यांच्यासोबत ती द्रव्येही नव्या गादीत येऊ शकतात. हा फोम स्वस्त आणि टणक असल्यामुळे ‘ऑर्थो’ नावाच्या गाद्यांत तो पुष्कळदा असतो, म्हणून ऑर्थो गादी घेताना आतील थरांची नावे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्वालारोधक रसायनांची फार भीती वाचली आहे. ती आपल्या गाद्यांत असतात का?

ही भीती मुख्यतः अमेरिकेतील लिखाणातून आलेली आहे. तेथे १ जुलै २००७ पासून प्रत्येक गादीला उघड्या ज्वाळेच्या कसोटीत उतरावे लागते, त्यामुळे आग कशाने रोखली, हा तेथील ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. आपल्या पिंजाऱ्याने डोळ्यांसमोर भरलेल्या गादीत असे काही नसते. तयार किंवा परदेशातून आलेली गादी घेताना मात्र तो प्रश्न जरूर विचारावा. गादीत ज्वालारोधक नाही याचा अर्थ ती सहज पेटते असाही होतो, म्हणून अंथरुणाजवळ विडी, मेणबत्ती किंवा डासांची कॉइल ठेवू नये. कॉइलचा धूर तसाही या माणसांना नको असतो.

प्रमाणपत्रांवर किती विश्वास ठेवावा?

प्रमाणपत्र म्हणजे चाळणी, हमी नव्हे. ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ कापडातील हानिकारक द्रव्यांच्या मर्यादा तपासते आणि तिचा पहिला वर्ग तान्ह्या बाळांच्या वस्तूंसाठी, म्हणून सर्वांत कडक असतो. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या मानकात ‘सेंद्रिय’ असे लिहिण्यासाठी किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात, तर खालच्या पायरीला ७० टक्के चालतात, म्हणून लेबलवरील शब्द पूर्ण वाचावेत. ‘गोल्स’ हे तसेच मानक सेंद्रिय लेटेक्ससाठी आहे. ‘सर्टीपूर-यूएस’ केवळ फोमसाठी आहे, त्यात बाष्पशील, म्हणजे हवेत सुटणाऱ्या, द्रव्यांची मर्यादा ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) आहे, परंतु गोंद आणि वरचे कापड त्यात मोजलेले नसते. दुकानातील चकचकीत गोल चिकटपट्टीला अर्थ नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा आणि संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तो पडताळावा.

या सर्व मर्यादा सर्वसाधारण लोकांना डोळ्यांसमोर ठेवून ठरवल्या आहेत. आपले शरीर त्यात बसेलच असे नाही, म्हणून चाचणी टाळता येत नाही.

ती चाचणी घरी कशी करावी?

ज्या वस्तूंपासून गादी बनणार आहे त्या प्रत्येकीचा हातभर नमुना मिळवावा : रुई, धुतलेले कापड, फोमचा किंवा काथ्याचा तुकडा. एकेक नमुना धुतलेल्या सुती पिशवीत घालून उशीशेजारी ठेवावा आणि तीन-चार रात्री झोपावे. एका वेळी एकच नमुना असावा, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये एक-दोन रात्री काहीही ठेवू नये. सकाळी कसे वाटले ते वहीत लिहावे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे घरातील दुसऱ्याने सारख्या दिसणाऱ्या पिशव्या भराव्यात, काहींत नमुना आणि एखादीत नुसती जुनी, सोसणारी चादर घालावी, आणि कोणती केव्हा ठेवली हे आपल्याजवळ लिहून ठेवावे. शेवटी दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. मनाने आधीच नाकारलेली एखादी वस्तू शरीर व्यवस्थित सोसते असे यातून कळू शकते, आणि उलटही घडते. दमा असलेल्यांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी, आणि कोणीही नमुना नाकाला लावून जोराने हुंगू नये.

खरेदी कोणत्या महिन्यात करावी? ऊन कसे द्यावे?

रुई हिवाळ्यात घ्यावी, कारण तेव्हा नवा कापूस जिनिंगवर आलेला असतो. तयार गादी घ्यायची असेल तर होळीच्या सुमारास घ्यावी. पुढचे तीन महिने आपल्याकडची हवा कोरडी आणि तापलेली असते, मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उष्णतेने गादीतील वाफा लवकर सुटून जातात. इतरांना नकोसा वाटणारा हा उन्हाळा आपल्यासाठी फुकटचे औषध आहे. आखाजीला माहेरवाशिणी यायच्या आधी घरोघरी गाद्या-गोधड्या गच्चीवर निघतात, त्याच वेळी आपली नवी गादीही काढावी.

कापसाच्या गादीला थेट ऊन द्यावे, दुपारी उलटावे आणि काठीने झोडपावे. झोडपण्याचे काम दुसऱ्याने करावे. फोम आणि लेटेक्स मात्र सावलीतच, वारा खेळत्या जागी, विटांवर किंवा बाजेवर उभे करून ठेवावेत. पत्र्याच्या बंद खोलीत गादी तापवून उपयोग नाही, कारण सुटलेली वाफ बाहेर गेली पाहिजे.

जागा आणि वेळ पाहूनच वाळवण घालावे. खरिपात शेजारच्या कपाशीवर किंवा केळीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी अंथरूण बाहेर काढू नये. पऱ्हाट्या जाळण्याच्या दिवसांत धुराची दिशा पाहावी. नंदुरबार-दोंडाईचा भागात मिरचीच्या पथारींवरून येणारा वारा गादीत ठसका भरून ठेवतो, हे तेथील लोकांना सांगायला नको. जूनच्या पहिल्या पावसाआधी गादी खोलीत आणि वापरात आलेली असावी.

गादी चांगली आहे, तरी त्या खोलीत झोपले की त्रास होतो. असे का?

कारण पुष्कळदा दोष पलंगाचा असतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि ‘एमआर’ (ओलाव्याला तोंड देणाऱ्या) प्रतीचे प्लायवूड युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेने जोडलेले असते, आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्यातून फॉर्माल्डिहाइड अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले, आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम अशी दिली. पेटीचा पलंग तर बंद खोक्यासारखाच असतो, आणि आत ठेवलेल्या कपड्यांतही तो वास मुरतो.

जुना सागवानी किंवा बाभळीचा पलंग, लोखंडी खाट, किंवा सुती नवारीची बाज यांपैकी काहीही चालेल. अंबाडीच्या दोरीची बाज आता कमी दिसते, पण खेड्यात विणून मिळत असेल तर जरूर घ्यावी, कारण खालून वारा खेळल्याने गादी कोरडी राहते. नायलॉनची रंगीत पट्टी टाळावी. प्लायवूड घ्यावेच लागले तर फेनॉलिक राळेचे ‘बीडब्ल्यूआर’ (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचे घ्यावे आणि कापलेल्या कडा झाकून घ्याव्यात.

गादीखाली अंथरलेली चटईही पाहावी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिकच्या चटया दूरदूर जातात आणि घरोघरी आहेत. पुनर्वापराच्या प्लास्टिकची नवी चटई तापली की वास सोडते, म्हणून संवेदनशील माणसाच्या खोलीत सुती सतरंजी अंथरावी.

घरात लहान मूल किंवा अंथरुणातले वृद्ध आहेत. रेक्झिनशिवाय कसे भागवावे?

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेले पीव्हीसी. ते मऊ राहावे म्हणून घातलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येतात, आणि उन्हाळ्यात तो वास घरभर होतो. त्याऐवजी छपाई आणि सुगंध नसलेला साधा पॉलिथिनचा तुकडा धुऊन, आठवडाभर वारा देऊन, कंबरेखालच्या भागापुरता वापरावा आणि वर दुपदरी सुती गोधडी घालावी. गोधड्या चार-पाच असाव्यात, म्हणजे धुण्याची घाई होत नाही.

धूळकिडे, ढेकूण आणि बुरशी यांसाठी काय वापरावे?

फवारे वापरू नयेत. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर धूळकिडे तग धरत नाहीत, आणि आपला उन्हाळा ते काम करतो. पावसाळ्यात खोळी आणि चादरी ६० अंश तापलेल्या पाण्यात धुवाव्यात. साबण सुगंधाविना असावा. रिठ्याचे पाणी चालते, पण रिठ्याची पूड उडून नाकात गेली तर शिंका आवरत नाहीत. बुरशी धरलेली गादी उन्हात टाकून परत वापरण्याचा मोह टाळावा, तो कापूस काढूनच टाकावा.

डांबराच्या गोळ्या अंथरुणाच्या कपाटात ठेवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. नॅफ्थलीनचा वास कापसात महिनोन्महिने राहतो. शिवाय जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळांना अशा कपड्यांतून आणि दुपट्यांतून रक्तपेशी फुटण्याचा गंभीर आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर आधी त्याचीही चाचणी घ्यावी.

घरातले म्हणतात, ‘आम्हाला तर काहीच वास येत नाही.’ त्यांना कसे समजवावे?

वाद घालून समजत नाही. वहीतील नोंदी दाखवाव्यात आणि चाचणीच्या पिशव्या त्यांनाच भरायला सांगाव्यात. संपूर्ण घर बदलण्याची मागणी करण्यापेक्षा एक खोली मागावी, जिच्यात उदबत्ती, कॉइल, अत्तर, रंग यांपैकी काही येणार नाही आणि जिच्या भिंतींना चुना असेल. सासूबाईंची पूजा माजघरात होईल, आपली झोप त्या खोलीत होईल. लग्नात मिळालेली नवी गादी आणि पलंग नाकारणे खानदेशात अवघड जाते, हे मान्य आहे. ती वस्तू परत न करता पाहुण्यांच्या खोलीत लावावी, म्हणजे देणाऱ्याचा मानही राहतो.

लग्नकार्याला किंवा दवाखान्यात बाहेर राहावे लागले तर?

स्वतःची पातळ गोधडी, उशीचा अभ्रा आणि एक मोठी धुतलेली सुती चादर सोबत न्यावी. चादर गादीवर न अंथरता गादीभोवती गुंडाळून खाली खोचावी. खोलीत दोन खिडक्या असतील तर समोरासमोरच्या उघडाव्यात, नसतील तर गच्चीवर किंवा ओट्यावर झोपण्याची परवानगी निःसंकोच मागावी. आपल्याकडे उन्हाळ्यात सारेच बाहेर झोपतात, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नाही. रुग्णालयात दाखल होताना मात्र परिचारिकेला आणि डॉक्टरांना त्रास आणि ॲलर्जी लेखी सांगावी. तेथील गादी बहुधा रेक्झिनची असते आणि जंतुनाशकाने पुसलेली असते, तेव्हा मधे आपली दुपदरी गोधडी घालू देण्याची विनंती दाखल होतानाच करावी.